दोरीवरची ट्रॉली आणि सायकलवरचा आरसा

आमच्या ग्रुपमध्ये किस्से कोणी लिहून ठेवत नाही, तरी ते साठतात. चार मोठी माणसं दर शुक्रवारी जीन्सच्या कटिंग टेबलाभोवती बसून जपानी ॲनिमे बघतात म्हटल्यावर दुसरं काय होणार? माझी बायको म्हणते, "तुम्ही बघता कमी आणि भांडता जास्त." बरोबर आहे तिचं. पण नुसतं बघून कधी कुणाचा किस्सा झालाय का?

आधी चौघांची ओळख. हरेश सिंधी आहे, उल्हासनगर कॅम्प चारमध्ये त्याचं जीन्स शिवायचं युनिट आहे. शुक्रवारी मशिनी बंद असतात, म्हणून टेबल आमचं, प्रोजेक्टर त्याचा आणि पडदा म्हणजे समोरची चुना मारलेली भिंत. शशीदादा विठ्ठलवाडीचे, वीज खात्यात लाइनमन, वयाने सगळ्यांत मोठे. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासतो, त्यामुळे चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आणि रुपाली. ती बदलापूरच्या शाळेत चित्रकला शिकवते, आईवडिलांबरोबर चामटोलीला राहते.

रुपालीने दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून सहा मिनिटांची एक ॲनिमेशन फिल्म केली होती. तिचे बाबा तरुणपणी बदलापूरहून चामटोलीपर्यंत सायकलवर एक मोठा आरसा बांधून घेऊन आले होते, बायकोसाठी. फिल्ममध्ये एवढंच. रस्त्यातली झाडं, माणसं, म्हशी आरशात दिसत जातात आणि सायकल दारात पोचते. संपलं. एक शब्द बोलत नाही कोणी. लोकांना ती आवडली आणि मुंबईच्या एका स्टुडिओने विचारलं, याची दहा भागांची सिरीज करायची का? महिन्याभरात कळवा.

रुपालीची झोप उडाली. हो म्हणावं तर गोष्ट बिघडायची भीती. नाही म्हणावं तर शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत आयुष्य जायची भीती. शेवटी तिने आम्हालाच कामाला लावलं. तिला एक जपानी फिल्म माहीत होती, तेवीस मिनिटांची, जिच्यावरून नंतर बारा भागांची सिरीज निघाली. "दोन्ही बघू," ती म्हणाली. "नुसतं छान आहे म्हणू नका. वाढवल्यावर गोष्टीचं काय झालं ते सांगा." थोडक्यात, दुसऱ्याच्या मुलीचा संसार बघून आपल्या मुलीचं लग्न ठरवायचं होतं.

*

ती फिल्म अशी. दोन डोंगरांच्या मध्ये एक रोपवे, तो चालवणारा एक म्हातारा आणि रोज त्या ट्रॉलीतून शाळेला जाणारी एक मुलगी. शाळेच्या शेवटच्या दिवशी म्हातारा ट्रॉली दरीच्या बरोबर मधोमध थांबवतो. मुलगी खाली बघते. मग ट्रॉली चालू होते आणि ती निघून जाते.

पहिल्या शुक्रवारी रुपालीला परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघांनीच बघितली. पुढच्या आठवड्यात ती आल्यावर आम्ही जोरात तारीफ केली. रंग काय, ढग काय, दोरीचा आवाज काय.

"आणि ते मिनिट?" रुपालीने विचारलं.

"कुठलं मिनिट?"

"ट्रॉली थांबते ते. पूर्ण एक मिनिट काहीच हलत नाही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हरेशने हळूच रिमोट खाली ठेवला. "साईं, मेरे को लगा वायफाय अटक गया," तो म्हणाला. "मी पुढे ढकललं."

त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. मी उठून राउटर बंद-चालू केला होता आणि शशीदादा मीटर बघायला जिना उतरून खाली गेले होते. फिल्ममधलं सगळ्यात मोठं मिनिट चालू असताना आम्ही तिघंही दुरुस्तीच्या कामात होतो. रुपालीने ती तिथल्या तिथे पुन्हा लावली आणि रिमोट स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

*

सिरीज सुरू झाली आणि दुसऱ्याच भागात हरेश उभा राहिला. "रोको. ये वो लडकी नही है."

नाव तेच होतं, वेणी तीच होती, दप्तरही तेच होतं. पण हरेश कटिंगचा निळा खडू घेऊन भिंतीपाशी गेला आणि मुलीच्या फ्रॉकवर फुली मारली. फिल्ममध्ये खिसा डावीकडे होता, इथे उजवीकडे. आम्ही हसलो, पण तो ऐकेना. "माणूस चेहरा विसरेल, कटिंग मास्टर खिसा नाही विसरत." पुढचे दोन भाग तो या मुलीला जुळी बहीण धरून बघत होता. गंमत म्हणजे त्याच्या हिशोबाने गोष्ट व्यवस्थित लागत होती.

रुपाली मात्र हसली नाही. "सिरीज एकटा माणूस काढत नाही ना," ती म्हणाली. "वीस-पंचवीस जण काढतात. माझ्या बाबांच्या सायकलचं कॅरिअर कोणीतरी असंच भलतंच काढेल. त्या लोकांनी ती सायकल बघितलेलीच नाही."

खडूची फुली अजून भिंतीवर आहे. त्यानंतर बघितलेल्या प्रत्येक नायिकेच्या पोटावर ती येते.

*

म्हातारा ट्रॉली का थांबवतो, यावर फिल्म बघून आमचा तासभर वाद झाला होता. माझं ठाम मत, त्याला त्या मुलीला एकदा तिची दरी नीट दाखवायची होती. हरेशला वाटलं, तो रडत होता आणि डोळे पुसायला त्याला वेळ हवा होता. शशीदादा शांतपणे म्हणाले, "लाइट गेली असणार."

आम्ही त्यांना काय काय नाही बोललो. मन नाही तुम्हाला, जन्म खांबावर गेला, वगैरे.

सिरीजच्या सातव्या भागात म्हातारा सगळं सविस्तर सांगतो. त्या दिवशी वादळ येऊन गेलं होतं, खालच्या गावात तार तुटली होती, म्हणून मिनिटभर वीज गेली. खरंच लाइट गेली होती!

शशीदादांनी हात वर केले नाहीत, हसलेही नाहीत. फक्त चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीस वर्षं खांबावर आहे." तेव्हापासून ते कुठल्याही फिल्मबद्दल बोलू लागले की आम्ही गप्प बसतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी जिंकून सगळ्यात जास्त उदास तेच झाले होते. घरी जाताना मला म्हणाले, "मी सहज बोललो होतो रे. तुमचंच खरं निघायला हवं होतं."

*

मी कारखान्याच्या सवयीने सिरीजचा रीतसर तपासणी रिपोर्ट केला. खिसा उलटा, मेजर. पाचव्या भागात सूर्य दोन वेळा मावळतो, मायनर. सातवा भाग, क्रिटिकल, गरज नसताना कारण सांगितलं. सगळा माल रिजेक्ट. लाल पेनाने सही करून मी कागद टेबलावर ठेवला.

"चौथा भाग?" रुपालीने विचारलं.

चौथ्या भागाच्या पुढची जागा मी कोरी सोडली होती. फिल्ममध्ये पलीकडच्या डोंगरावर एक चहावाली दोन सेकंद दिसते. पाठमोरी. चौथा भाग सगळा तिचा आहे. ती कधीच ट्रॉलीत बसत नाही, तिला भीती वाटते. पण मुलीचे ओले मोजे ती रोज चुलीवर वाळवून देते. तो भाग संपल्यावर हरेशने तोंड धुवायला म्हणून नळ सोडला आणि दहा मिनिटं तो परत आलाच नाही. मलाही माझी आत्या आठवली. तिच्याबद्दल आमच्या घरात दोन सेकंदांच्या वर कधी कोणी बोललेलं नाही.

"लिही ना काहीतरी," रुपाली म्हणाली.

मी लिहिलं, "पास." पंधरा वर्षांच्या नोकरीत अख्खा लॉट रिजेक्ट करून त्यातला एक नग मला घरी न्यावासा वाटला, असं पहिल्यांदाच झालं.

*

महिना संपत आला आणि स्टुडिओचा लेखक चामटोलीला आला. अन्वय त्याचं नाव, मुलगा वागायला साधा, बुटाला चिखल लागला तरी कुरकुरला नाही. आधी फोनवर त्याने आरशाला बोलतं करू या का असं विचारलं होतं. तेव्हा हरेशने फोन ओढून घेतला होता आणि "क्या बोलेगा? दोरी कस के बांध?" असं त्यालाच विचारलं होतं. त्यामुळे या वेळी त्याने तो विषय काढला नाही. करार आणला होता, त्यावर छापलं होतं, भाग दहा. रुपालीने सही करायची की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. धीर द्यायला म्हणून आम्ही तिघं ओटीवर जाऊन बसलो.

अन्वयने लॅपटॉप उघडला आणि रुपालीच्या आईला म्हणाला, "काकू, त्या दिवसाचं सगळं सांगा."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि वाटेतलं, काकांकडून ऐकलेलं, सांगायला सुरुवात केली. दुकानदार आरसा सायकलवर द्यायला तयार नव्हता, त्याने आधी सायकल चालवून दाखवायला लावली. रस्त्यातल्या मोरीच्या पुलावर दोन गडी भेटले, त्यांनी आरसा थांबवून भांग पाडला. एका म्हशीने स्वतःला बघितलं आणि ती वाटेतून हलेना. चाक पंक्चर झालं तेव्हा एका नव्या सुनेने वर पदर धरून आरशाला सावली दिली, तापून तडकू नये म्हणून. रुपालीला यातलं निम्मं माहीत नव्हतं. ती आईकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता हिने सही केलीच.

अन्वयची बोटं थांबेनात. नऊ भाग भरले. मग तो म्हणाला, "आणि आता शेवट. आरसा दारात आला. काका सायकल धरून उभे आहेत, समोर तुम्ही. पुढे काय झालं?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काका अंगणात होते. ते एकदम खाली वाकून चपलेचा अंगठा तपासू लागले.

"ते नाय सांगनार," काकू म्हणाल्या.

"फिल्मपण तिथेच संपते, काकू. लोक विचारतात. दहावा भाग त्याच्यावरच आहे."

"आसूंदे. ते माझं हाय."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. अन्वयने मदतीसाठी रुपालीकडे बघितलं. रुपालीने माझ्या खिशातलं लाल पेन काढलं, करार पुढे ओढला, दहाचा आकडा खोडला, वर नऊ लिहिलं आणि खाली सही केली.