तीन नंबरच्या मागाशेजारी शिकलेला ड्रमर

सुम्या गेला.

आज सकाळी. निपाणीहून परत येताना, हायवेवर.

त्याच्या नंबरवरून फोन आला म्हणून मी उचलल्या उचलल्या ओरडले, "आज पण प्रॅक्टिसला उशीर?" पलीकडं एक हवालदार होते, कन्नडमध्ये बोलत होते. मला कन्नड चांगलं येतं. आज एक शब्द कळेना. मग त्यांनी हिंदीत सांगितलं. तरी कळेना.

अजूनही कळलेलं नाही. म्हणून लिहितेय.

ओळखत नसाल तर सांगते. सुम्या आमच्या मेटल बँडचा ड्रमर. मी बेस गिटार वाजवते. त्याच्यापेक्षा मोठी, म्हणून मला आक्का म्हणायचा. केस खांद्यापर्यंत, अंगात काळा टीशर्ट, आणि भर शोमध्ये माईकवर, "आक्का, बेस जरा वाढव की गं."

मेटलची सगळी इज्जत तिथंच जायची.

वडगावचा पोरगा. घरात यंत्रमाग, साड्या विणतात. पुढच्या खोलीत माग, आतल्या खोलीत संसार. त्या घरात प्रेमानं बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागतं. तीन नंबरच्या मागाशेजारी त्याचा पाळणा बांधलेला. माग बंद पडला की हा रडायला लागायचा, असं त्याची आई सांगायची.

आणि जरा मोठा झाल्यावर सुरू झाले पाय.

बसल्या जागी दोन्ही पाय हलवत राहायचा, मागाच्या ठेक्यात. जेवताना, अभ्यास करताना, देवापुढं बसला तरी. आता आपल्याकडं बसून पाय हलवले की घरात दरिद्री येते. त्यामुळं लहानपणभर शिव्या.

"पाय काय हलवालाईस रं? लक्ष्मी जाईल घरातली."

पहिल्यांदा त्याचं डबल बेस ऐकलं, म्हणजे मोठ्या ड्रमवर दोन पायांनी दोन पेडल, तेव्हा आम्ही आमचं वाजवणं सोडून त्याच्याभोवती जमलो. कुठं शिकलास म्हणून विचारलं.

म्हणाला, "आईच्या शिव्या खात."

शहापुरात तबल्याच्या क्लासला घातलं होतं त्याला. तिथंही पाय. सर वैतागून म्हणाले, "बाळा, हे हाताचं वाद्य आहे. पाय बाहेर चपलांजवळ ठेवून येत जा." पण सरांनी त्याला सोडलं नाही, बोल पक्के करून घेतले. कितीही अवघड ब्लास्ट बीट, म्हणजे मेटलमधला तो सुसाट ठेका, असू दे, सुम्या आधी तोंडानं धिरधिर किटतक म्हणणार आणि मगच स्टिक उचलणार.

ड्रमसेटवर पहिल्यांदा बसवलं ते कॅम्पातल्या एका अंकलनी. ते चर्चमध्ये वाजवायचे. बाकी सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून.

सुरुवातीला एक भलताच प्रॉब्लेम होता. आमचं प्रत्येक गाणं एकाच स्पीडला जायचं. हळू सुरू करा, फास्ट सुरू करा, दुसऱ्या कडव्यापर्यंत गाडी तिथंच. आम्ही त्याच्यावर जाम उखडायचो. एकदा त्याच्या घरी गेले. तीन नंबर चालू होता, आणि मी दारातच हसायला लागले.

तोच स्पीड. डिट्टो.

त्याला सांगितलं तर खजील झाला. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या इतरांच्या मागांवर जाऊन बसायला लागला. कुणाचे नवे, कुणाचे म्हातारे, प्रत्येकाची चाल वेगळी. "आज कोपऱ्यावरच्या काकांकडं बसून आलो," असं सांगायचा. जसं काही फॉरेनला वर्कशॉप करून आलाय. काही महिन्यांत कुठलाही स्पीड द्या, त्यावरून हलेना झाला.

एका कॉलेज फेस्टला एका मुलीनं मोबाईल पुढं धरून विचारलं, तुमचे इन्फ्लुएन्सेस कोण? आम्ही सगळ्यांनी परदेशी बँड्सची नावं फेकली.

सुम्या म्हणाला, "आप्पांचा तीन नंबरचा माग."

सगळे हसले. तो नाही हसला.

त्याच्या आप्पांपर्यंत, म्हणजे वडिलांपर्यंत, हे कधी पोचलंच नव्हतं. आज कळलं मला.

दुपारी वडगावात गेले. अख्ख्या गल्लीनं माग बंद ठेवलेले. त्या गल्लीत चपलांचा आवाज ऐकू येतो हे मला माहीतच नव्हतं.

सगळं उरकून आप्पा स्मशानातून परत आले आणि पायरीवर बसले. मी शेजारी बसले. आप्पांनी वळून बंद मागाकडं बघितलं. मग म्हणाले, "मागाचा आवाज नको झालता त्याला. म्हणून सारखं ते कानात घालून बसायचा. लाज वाटत आसंल पोराला आमच्या धंद्याची."

"न्हाय आप्पा."

मग सगळं सांगितलं. पाय, स्पीड, कोपऱ्यावरचे काका, ती मुलगी, तो काय म्हणाला ते.

आप्पांनी मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून सांगालीस, पोरी."

मी फोन काढला. गेल्या आठवड्यातली प्रॅक्टिस होती, नुसते त्याचे ड्रम्स. मयताच्या घरी मेटल लावतेय, बायका बघत होत्या. बघू देत. एक इयरफोन आप्पांच्या कानात घातला.

ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

परत लावलं.

मग डोळे न उघडता आप्पा म्हणाले, "एवढं पळतंय बघ. आणि एक धागा तुटंना."

उठले, आत गेले, सुम्याच्या आईला हाताला धरून बाहेर घेऊन आले. दुसरा इयरफोन तिच्या कानात घातला.

सुम्या, दोघांनी मिळून ऐकलं रं. पूर्ण ऐकलं.

नीट जा.

तुझी आक्का