मोठ्या मॅचेस खाडीपलीकडे गेल्या तेव्हा

टेम्पो पॅव्हेलियनच्या मागे उभा होता. त्यात दोन मोठी पातेली, चहाची टाकी, झारे, परातींची चळत आणि वर उलटी टाकलेली लाकडी बाकं. माझे मिस्टर दोरी आवळत होते. मी हातात मिसळणाचा डबा धरून उभी होते, कारण टेम्पोवाला म्हणाला होता की तो सांडेल, मांडीवर घ्या. अरुणभाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, बाहेर आले नाहीत. ते आत वडे तळत होते. सकाळच्या नेटला आलेल्या पोरांना वडापाव लागतो, हे खरंच होतं. पण पाच मिनिटं गॅस बारीक करून ते येऊ शकले असते, हेही खरं होतं.

सासूबाई मात्र आल्या. त्यांनी टेम्पोच्या चाकावर पाणी घातलं आणि मला म्हणाल्या, "पोचल्यावर फोन कर." परदेशी चाललेल्या माणसाला सांगावं तसं. आम्ही चाललो होतो खाडीपलीकडे, पनवेलच्याही पुढं.

मंडळाच्या यंदाच्या अंकासाठी भोईवाड्यातून बाहेर गेलेल्यांनी लिहावं असा निरोप आला, म्हणून लिहितेय. मी काही लिहिणारी बाई नाही. जे झालं ते सांगते.

मी मूळची फणसवाडीची. वडील कारकून, घरात सगळं वेळेवर. लग्न करून परळला, भोईवाड्यात आले तेव्हा आईनं डोळे पुसले, तर वडील म्हणाले, "रडतेस काय, बसनं अर्धा तास." तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. पण तो अर्धा तास खूप लांबचा निघाला. फणसवाडीत दुपारी दोननंतर गल्ली झोपायची. इथे माझ्या सासरी दुपारी दोनला चहाची तिसरी टाकी चढायची.

गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी त्याच गिरणीच्या जुन्या ग्राउंडवर कॅन्टीन घेतलं. ग्राउंड लहान, पण विकेट चांगली म्हणून नाव होतं. राज्याच्या चार दिवसांच्या मॅचेस तिथे व्हायच्या, एखाद्या वर्षी परदेशातली टीमही सरावाला खेळून जायची. आमचं किचन पॅव्हेलियनच्या पायऱ्यांखाली. खिडकी होती ती रस्त्याकडे. ग्राउंड दिसायचं नाही, ऐकू यायचं. टाळ्या एकदम फुटल्या की फोर. "अरे अरे" असा आवाज वर जाऊन बसला की कॅच सुटला. एकदम सगळं शांत झालं की आपला माणूस गेला, कढई खाली उतरवा, कारण आता लोक उठून चहाला येणार. सासूबाईंनी सगळं आयुष्य त्या किचनमध्ये काढलं आणि एकही मॅच पाहिली नाही. मला विचाराल तर मीही चार-पाच ओव्हर्स पाहिल्या असतील, त्याही कप गोळा करताना.

मग एका पावसाळ्यानंतर स्टँडचा एक तुकडा रिकाम्या खुर्च्यांवर पडला. कुणाला लागलं नाही. पण कमिटीची माणसं आली, हातोडीनं ठोकून बघून गेली, आणि खाडीपलीकडचं नवं स्टेडियम तयारच होतं. मोठ्या मॅचेस तिकडे जाणार असं ठरलं. जुन्या ग्राउंडवर शाळेच्या मॅचेस आणि नेट. आम्हाला नव्या स्टेडियममध्ये एक काउंटर देऊ केला, तोही प्रेक्षकांसाठी नाही. प्रेक्षकांचं सगळं एका मोठ्या कॅटररकडे. आम्ही स्टाफला खाऊ घालायचं: ग्राउंडवाले, गेटवाले, बंदोबस्ताचे पोलीस.

हे लगेच हो म्हणाले. भाऊजी म्हणाले, "बाबांनी चूल इथं मांडली."

"चूल गिऱ्हाइकासाठी असते, दादा. गिऱ्हाईक चाललं."

"सगळं नाही चाललं. मी बघतो उरलेलं."

बस, एवढंच भांडण. ओरडाआरडा नाही, काही नाही. भाऊजींचं लग्न झालेलं नाही, ते आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, एका खोलीत, आम्ही दुसऱ्या. आमच्या खोलीला कुलूप लागलं आणि दोघा भावांचं बोलणं संपलं. त्यानंतर जे काही सांगायचं ते मी आईंना फोनवर सांगायची, आई भाऊजींना सांगायच्या, आणि उत्तर त्याच रस्त्यानं परत यायचं.

नवं किचन बेसमेंटला. पांढऱ्या टाइल्स, डोक्यावर टोपी, हातात ग्लव्ह्ज. आणि गॅस नाही! स्टेडियममध्ये ज्योत चालत नाही म्हणे, सगळं इंडक्शनवर. पहिल्या दिवशीचे वडे इतकं तेल प्यायले की ग्राउंडवरच्या माणसांनी ते कागदात दाबून दाबून खाल्ले, पण आमच्याकडे बघून काही बोलले नाहीत. त्यातले निम्मे जुन्या ग्राउंडवरचेच होते, त्यांचीही बिऱ्हाडं आमच्यासारखीच उचलून आणलेली. मी मग घाणा लहान केला, तेल जास्त तापवलं, दोनेक आठवड्यांत जमलं. यांना नाही जमलं. हे रोज म्हणायचे, "आच दिसल्याशिवाय कळत कसं गं तुला?"

आणि आवाज नाही. वर हजारो माणसं बसलेली असायची आणि खाली फक्त एसीची घरघर. भिंतीवर टीव्ही होता, पण त्यात बॉल उशिरा पडायचा. वरून आलेला माणूस "आउट" म्हणून सांगायचा आणि आमच्या टीव्हीवर बॉलर अजून धावत असायचा. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा.

राहायला स्टाफ कॉलनीत फ्लॅट. लिफ्ट, चोवीस तास पाणी, किचनमध्ये सिंकच्या वर खिडकी, त्यातून डोंगर दिसतो. खोटं कशाला बोलू, मला आवडला. दार लावलं की लागतं. भोईवाड्यात मी कधी दार लावून बसले नव्हते. पहिल्या आठवड्यात मी दार लावून नुसती बसून राहायची. आईंना फोनवर हे सांगायची लाज वाटायची, म्हणून मी सांगायची, "पाणी जड आहे इथलं, डाळ शिजत नाही." तेही खरं होतं.

मग पहिली आंतरराष्ट्रीय मॅच आली. आदल्या दिवशी सकाळी हे ओल्या फरशीवर घसरले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणेपर्यंत दुपार झाली. स्टेडियमचा मॅनेजर खाली आला. वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही उद्याचं बघायचं होतं. म्हणाला, "ताई, उद्या पोलीसच केवढे असतील. तुमच्याच्यानं होणार नसेल तर मी कॅटररला सांगतो. मग पुढचंही तोच बघेल." शेवटचं वाक्य त्यानं हळू म्हटलं.

मी यांना न विचारता भाऊजींना फोन लावला. आईंना नाही, थेट त्यांना.

"भाऊजी, यांचा हात मोडलाय. उद्या मोठी मॅच आहे."

पलीकडे कढईचा आवाज येत होता. तो बारीक झाला. मग म्हणाले, "बेसन आहे का पुरेसं?"

"आहे."

"मसाला आणतो. तिकडचं लाल तिखट तुम्ही कुठलं वापरता कोण जाणे."

उजाडायच्या सुमारास टॅक्सी आली. भाऊजी उतरले, आणि मागून आई. एकट्या कशा राहणार म्हणून घेऊन आले होते. नवी साडी, पर्स छातीशी. गेटवर जुन्या ग्राउंडवरचे पवारमामाच ड्युटीला होते, त्यांनी आईंना वाकून नमस्कार केला आणि दोघांची आत यायची सोय लावून दिली.

हे स्टुलावर बसले होते, हात गळ्यात. भाऊजींनी टोपी चढवली, हात धुतले, यांच्याकडे न बघता म्हणाले, "हात दाखव."

यांनी दाखवला.

"डावा ना? मग कुपनं घ्यायला बस. इथं मधे मधे करू नको."

झालं. इतक्या दिवसांचं मौन असं सुटलं. मी वळून कांदा चिरायला घेतला, कांद्यानं डोळ्यांत पाणी येतंच.

इंडक्शनवर पहिला घाणा भाऊजींचाही बिघडला. त्यांनी झारा बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "सुनीता, तू दाखव." मी दाखवलं. सासरी आल्यापासून त्यांनी मला शिकवलं होतं, वड्याला मीठ किती, चहाला आलं कधी. त्या दिवशी मी सांगत होते आणि ते मान हलवत होते. त्यानंतर बोलायला वेळच मिळाला नाही. पोलिसांच्या रांगा, पाण्याचे जार, चहा, पुन्हा चहा. मॅनेजर दोनदा डोकावून गेला आणि दुसऱ्यांदा एक वडा उचलून गेला.

लंचनंतर जरा उसंत मिळाली तेव्हा लक्षात आलं, आई दिसत नाहीत. पवारमामा म्हणाले, "वर नेऊन बसवलंय. तुम्ही पण जा की." मी गेले. वरच्या स्टँडमध्ये शेवटच्या ओळीत आई बसल्या होत्या, पाय जवळ घेऊन, पर्स मांडीवर. खाली एवढं मोठं हिरवं. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका पोरानं सिक्स मारला, सगळे उभे राहिले, त्या बसूनच राहिल्या. बॉल खाली आल्यावर आपल्या मालवणीत म्हणाल्या, "इतकी वर्सां आवाजच आयकलो. आज माणसां दिसली."

मग विचारलं, "त्यो पांढरी टोपीवालो नुसतो उभो कित्याक?"

"अंपायर आहे तो, आई."

"दिवसभर उभोच?" त्यांना त्याचं वाईट वाटलं.

मॅच आटपली. उरलेला भात आणि आमटी आम्ही चौघांनी बेसमेंटमध्येच स्टीलच्या टेबलावर खाल्ली. हे भाऊजींना म्हणाले, "दादा, राहा ना आता इथेच. दोघं मिळून बघू."

"सकाळी नेटला पोरं येतात," भाऊजी म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पुढची मोठी मॅच कधी ते सांग. येतो."

मग मी आईंना म्हटलं, की तुम्ही तरी राहा. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मॅच असेल तेव्हा मी स्वतः वर नेऊन बसवीन. आईंनी ताटातला भात संपवला, पाणी प्यायल्या, आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मॅच बघूक येतलंय. रवाक नाय."

मला लागलं ते. टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवत उभी राहिले, पण लागलं.

पुढे जुन्या ग्राउंडचा स्टँड पॅव्हेलियनसकट पाडला. आमचं किचनही त्यात गेलं. आता भाऊजी कुंपणाशी पत्र्याच्या शेडमध्ये तळतात. हे दोघे भाऊ रोज सकाळी फोनवर बोलतात, तेही बटाट्यावरच: ओला आहे, गोड लागतोय, आज जुनाच घेतला. मी ऐकते. मोठी मॅच असली की भाऊजी येतात, आई येतात, वर बसतात. अंपायरसाठी त्या अजून हळहळतात.

यंदा गणपतीला भोईवाड्यात गेलो. आमच्या खोलीचं कुलूप काढलं, जाळी झाडली. खोली फार लहान वाटली. लहान ती आधीपासूनच होती, पण पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. आरतीनंतर शेजारच्या कदमकाकूंनी मला विचारलं, "काय गं, झालं ना तिकडचं बघून? आता परत राहायला कधी येतेस?"

काहीतरी गुळमुळीत बोलायला मी तोंड उघडलं. पण खरं तेच आलं. "बघायला येईन काकू. दरवर्षी येईन. राहायला नाही."

काकू हसल्या, त्यांना ती चेष्टा वाटली. आई आत नारळ खवत होत्या. खवण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता काही बोलतील, किंवा बोलणार नाहीत, जे जास्त वाईट. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आणि आतूनच त्या म्हणाल्या, "जेवान तरी जा गो."