पंखांना बळ

भाजलेल्या कॉफीचा वास जालन्याच्या एमआयडीसीत कधी एकटा येत नाही. शेजारच्या रोलिंग मिलमधल्या तापल्या लोखंडाचा वास त्याच्या खांद्यावर हात टाकूनच येतो. पत्र्याच्या शेडमध्ये त्या दोन वासांत बसून मी 'बॅक ऑफ पॅक' लिहीत होते. म्हणजे पाकिटाच्या पाठीवरचा मजकूर, जो कात्री सापडेपर्यंतच वाचला जातो.

कॉफी दक्षिणेतल्या डोंगरांतून येई. सामाजिक जाणीव मात्र इथेच तयार होई. तिचा कच्चा माल म्हणजे शमीमआपा आणि त्यांच्यासोबतच्या बायका. भाजूनही फिकट राहिलेला दाणा कपाची चव बिघडवतो. असे दाणे त्या हाताने वेचत. मी कवितेत वाढलेली. दाण्यांवर फिरणाऱ्या बोटांत मला दूरचे पैंजण ऐकू येत. त्यांना तिथे नुसतेच उकडे. छताला पंख्याचे हूक होते. पंखे आपा कधीच्या मागत होत्या.

मी लिहिले, 'हाताने निवडलेली कॉफी.' संस्थापक मिहिर सर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आले.

"यात ती कुठे आहे?"

"ती कोण, सर?"

"ती! स्त्री. तिचं आकाश, तिची झेप."

मी दुसरी ओळ वाचली : 'प्रत्येक घोट तिच्या पंखांना बळ देतो.' सरांचे डोळे पाणावले.

"सर, या बजेटमध्ये पंखे बसतील का?"

"पंखे मार्केटिंगमध्ये बसत नाहीत, मॅडम. पंख बसतात."

प्रूफ आले, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना. दर्शनी फोटो आपांचा, म्हणून मी तो त्यांना दाखवला. घरी उर्दू बोलणाऱ्या आपा मराठी अक्षरांखाली बोट ठेवून वाचत.

"तिच्या... पंख्यांना... बळ." त्यांचा चेहरा उजळला. "बाई, पंखे लावून राह्यले?"

"पंख्यांना नव्हे, आपा. पंखांना. पाखराचे पंख."

त्यांनी वर हुकाकडे पाहिले. "पाखराचं इथं काय काम?"

"आपा, तुम्ही उडून राह्यल्या म्हणत्यात," केदारखेड्याच्या कडूबाई म्हणाल्या. "मंग एवढा घाम कशाचा?"

शेड हसली. आपा हसल्या नाहीत. ओढणीने मान पुसून पुन्हा दाण्यांवर वाकल्या.

अंतिम प्रूफवर सही माझी असे. मी 'ख' अर्धा केला, त्याला 'य' जोडला आणि सही केली. मुद्रणदोष कोणाच्या हातून होत नाहीत?

पाकिटे बाजारात गेली. सर संतापले, पण पाकिटावर पर्यावरणप्रेमाचे हिरवे पान छापलेले होते. हजारो पाकिटे कचऱ्यात फेकणे त्या पानाला शोभले नसते. तेवढ्यात एका मोठ्या ग्राहक कंपनीने पत्र पाठवले : सगळे आकाशाच्या गोष्टी करतात, तुम्ही थेट पंखे दिलेत, आमच्या सामाजिक कार्याच्या अहवालासाठी फोटो पाठवा.

"आपल्याकडे फॅन आहेत ना?" सरांचा आवाज मऊ झाला होता.

"हूक आहेत, सर."

त्याच आठवड्यात पंखे फिरू लागले. फोटो निघाले. सर 'तळागाळाचे ऐकणारे नेतृत्व' या विषयावर बोललेही.

या धंद्यात मी एवढेच शिकले : रूपक वारा घालत नाही, जोडाक्षर क्वचित घालते.

छापील पाकीट मी आपांपुढे ठेवले. उडणारी ओढणी सावरत, अक्षरांखाली बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचले, "पं... ख्यां... ना." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

"बराबर."