चौथी हळद

विठाबाईचा आवाज गेला, तेव्हा पाड्यातल्या बायांनी तिच्या घशाला दोष दिला नाही. वहीला दिला.

तीस वर्षं बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यांत विठाबाईशिवाय हळद लागली नव्हती. ती धवलारीण. मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायची, एकेका देवाला नावानं बोलवायची, मग नवरीच्या अंगाला हळद लागायची. सगळं आईच्या तोंडून हिच्या कानात आलेलं. ‘धवला लिवायचा नाय, लिवला का मुका होतो,’ हेही आईनंच बजावलेलं. पण पन्नाशी उलटल्यावर विठाबाई सुनेकडून अक्षरं शिकली आणि आईचं ते बोलणं मोडून बसली.

सून सोनिया उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात बटणाच्या मशीनवर. तिनं तिथली एक कोरी वही आणून दिली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पँटींचे साइज छापलेले, अठ्ठावीस, तीस, बत्तीस, पार छत्तीसपर्यंत. त्याखाली विठाबाईनं गणपती बसवला, गावदेवी बसवली. सहा महिने खपली. आणि वही भरली त्याच वर्षी घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आवाजाच्या जागी नुसती फुसफूस उरली.

“विठे, रागावू नको,” चुलतभाऊ हरिचंद्र ओट्यावर टेकत म्हणाला. त्याची नात निशा, तिची हळद चार दिवसांवर आलेली. “मान तुझाच. तू पुढं बस. धवले मोबाइलवरचे लावू, स्पीकर सांगितलाय.”

विठाबाईनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. तिचं ऐकायचं तर आता कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे.

“मोबाइलला नवरीचं नाव म्हाईत हाय?”

“मग कोन म्हननार? तू?”

“सोनिया. वहीतून.”

हरिचंद्र ताठ झाला. “ती वही माझ्या मांडवात नाय. तुझा आवाज खाल्लान तिनं.”

“डॉक्टर माझ्या मशेरीला बोल लावतो, तू वहीला लावतंस. दोघांत शिकलेला कोन?”

“देवीनं शिक्षा दिली, तरी तिच्याशी वाद घालतंस, विठे?”

“देवीशी नाय, तुझ्याशी. देवीला माझं ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागत नाय.”

तो पाय आपटत गेला. विठाबाईला पक्कं ठाऊक होतं, एका मांडवात मोबाइल वाजला की पुढच्या मांडवातही तोच वाजणार. मग आईचे धवले वहीतच पडून राहणार, आणि आईचं म्हणणं खरं ठरणार.

“आई, माझा आवाज भंगारवाल्यासारखा आहे,” सोनिया म्हणाली.

“भंगारवाला लांबून ऐकू येतो. चालंल.”

चार दिवस सोनियानं मशीनच्या खटखटीवर चाल बसवली. शेजारची बाई विचारायची, “क्या बडबड करती है रे?” ही म्हणायची, “देव बुला रही हूँ.”

हळदीच्या दुपारी दोघी मांडवात शिरल्या. वहीला विठाबाईनं घरूनच हळदकुंकू लावून आणलं होतं. स्पीकरवाला वायर जोडतो आहे तोवर सोनियानं निशाच्या पाटाशेजारी बैठक मारली आणि उघडलं पान. पहिले दोन शब्द थरथरले. मग आवाज खणखणीत लागला.

*पयली हलद लावा गनेशाला*
*दुसरी हलद लावा गावदेवीला*

बायांनी माना डोलावल्या. हरिचंद्रसुद्धा स्पीकरवाल्याला हातानं ‘थांब’ म्हणाला.

*तिसरी हलद लावा विठा नवरीला*

डोलणाऱ्या माना थांबल्या. सोनियाच्या लक्षात यायला क्षणभर लागला. चार दिवस घोकलेलं, वहीत होतं तसंच तिनं म्हटलं होतं, नवरीच्या नावासकट; निशाचं नाव घालायचं राहून गेलं होतं. आणि ते नाव तिच्या विधवा सासूचं होतं.

“बंद कर,” हरिचंद्र म्हणाला. “माझ्या नातीच्या हलदीत रांडेचं नाव. बोललो नव्हतो, वही आनू नको?”

विठाबाई उठली. बोलली, पण कुणाला काही कळेना. तेव्हा पाटावरची निशाच उठली, पदर सावरत तिच्याजवळ गेली आणि कान तिच्या तोंडाशी नेला. मग मोठ्यानं सांगू लागली.

“आजी बोलते, नाव चुकून नाही पडलं, तिनंच लिहिलंय.”

“बस खाली, पोरी,” हरिचंद्र म्हणाला.

निशा बसली नाही. “आजी बोलते, तिच्या लग्नाच्या तोंडावरच तिची आई गेली. तेव्हा दुसरी धवलारीण नव्हती. तिची हळद मुकी लागली. गावोगावच्या पोरींची नावं तिनं घेतली, तिचं कुणी घेतलं नाही. म्हणून लिहिताना घेतलं. ती बोलते, मी विधवा झाले ते नवऱ्याच्या मरणानं, धवल्यानं नाय. माझ्या नावानं विटाळ होत असंल तर, दादा, तुझ्या दोन्ही लेकींची लग्नं पुन्हा लाव. त्यांची नावं ह्याच विधवेच्या तोंडानं घेतलीत.”

मागून एक म्हातारी खुदकन हसली. हरिचंद्रानं तिकडे डोळे वटारले. त्याच्या दोन्ही लेकी हळदीची वाटी धरून समोरच उभ्या होत्या. त्यांतली थोरली म्हणाली, “बाबा, हळद सुकतेय.”

सोनियानं ब्लाऊजला अडकवलेलं पेन काढलं. “आई, खोडू? निशाचं लिहिते.”

विठाबाईनं वहीवर हात ठेवला. निशा पुन्हा वाकली, ऐकलं, आणि हसली.

“खोडायचं नाही. तिसरी आजीची. चौथी माझी.”

“धवल्यात तीनच हलदी असतात,” हरिचंद्र म्हणाला. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

विठाबाईनं सोनियाला बोटानं वही दाखवली. छत्तीसच्या साइजखाली चौथ्या ओळीपुरती जागा शिल्लक होती.