आतोबांचा केसपेपर

कामगार विम्याच्या कार्डावर आमच्या आतोबांइतकी श्रद्धा ठेवणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ठाण्याच्या एका कारखान्यातले फिटर. ते कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवलं होतं आणि दोन शिंका आल्या तरी ते घेऊन निघत. "अरे, आपल्यासाठी डॉक्टर बसवून ठेवलाय, गेलो नाही तर त्याला काय वाटेल?" असं मला विचारत. निघालेले आतोबा पोचतीलच याची खात्री मात्र कुणालाच नसे. एका नवरात्रात आत्याने त्यांना टेंभी नाक्यावर शेवंतीच्या फुलांना धाडलं, तर ते संध्याकाळी खाडीवरून हात हलवत परत आले. वाटेत एक ढग आवडला म्हणून त्याच्या मागे गेले होते. "मग भरती लागली. बघत बसलो," म्हणाले, आणि फुलं आणायला गेलो होतो हे त्यांना त्यानंतर आठवलं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे, आत्यासाठी घ्यायची कुठलीही वस्तू ते आधी स्वतःवर घालून पाहत. दुकानात खांद्यावर पदर टाकून आरशासमोर उभे राहत, बायकांच्या चपला अर्ध्या पावलांत अडकवून दुकानभर चालून दाखवत. एकदा कासाराकडे हात साबणाने माखून त्यांनी हिरवी बांगडी चढवली ती उतरेना, तर तशीच घालून पाळीवर गेले. कारखान्यात लोक हसले, ते याला साधा विनोद समजून स्वतःही हसले. "तिला टोचलं असतं तर?" एवढंच त्यांचं म्हणणं. मला हा माणूस फार आवडायचा.

चाळीच्या कौलांवर टीव्हीचे अँटेने उगवू लागले त्या सुमारास आत्या बोलेनाशी झाली. भांडण नाही, ताप नाही. आधी गुणगुणणं थांबलं, मग शेजारी जाणं, मग फक्त 'हं' उरलं. खिडकीशी सूप घेऊन बसायची आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. आतोबा घाबरले. पण ठाण्यात राहून मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोक एकाच इमारतीकडे बोट दाखवून हसत, आणि आत्याला कुणी हसलेलं त्यांना चालणार नव्हतं. खासगी डॉक्टर परवडणारा नव्हता. तेव्हा त्यांनी कार्ड काढलं, विम्याच्या डॉक्टरांची यादी मिळवली आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी मनाचा डॉक्टर शोधत हिंडू लागले.

मी बरोबर असायचो, मुख्यतः ढगांपासून त्यांना वाचवायला. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून खोकल्याचं औषध दिलं. कल्याणला एकाने टॉनिक लिहिलं. तिथला कारकून म्हणाला, "हाड, डोळा, नाक-कान-घसा, काय ते बोला ना काका. मनाचं यात काय नाय." आतोबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "माणूस पुरता घेतलाय ना विम्याला? मग मन काय बाहेर ठेवलं?" त्यांनी इतक्या कळवळून विचारलं की कारकून यादी घेऊन आत गेला आणि पत्ता घेऊन आला. विठ्ठलवाडीच्या विम्याच्या दवाखान्यात दर शनिवारी एक मनाच्या डॉक्टरीणबाई बसत.

आता खरं तर आत्याला घेऊन जायचं. पण आतोबा पडले आतोबा. बाई टोचून बोलतात की कसं, हे आधी स्वतःवर घेऊन पाहायला नको? ते एकटेच पेशंटच्या खुर्चीत बसले, कार्डावर नाव त्यांचंच, त्यामुळे केसपेपरही त्यांच्याच नावाने निघाला. बाई इतक्या मायेने विचारपूस करत की मधेच 'मी पेशंट नाही' म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. असे चार शनिवार गेले. घरी येऊन ते आत्याच्या सुपासमोर मांडी घालत आणि बाईंनी काय विचारलं, आपण काय सांगितलं, याचा पाढा वाचत. आत्या 'हं' म्हणायची.

चौथ्या शनिवारी मी तिथेच होतो. "आज विचारलं, मूलबाळ किती? म्हटलं, नाही," आतोबा म्हणाले.

आत्याचा हात सुपात थांबला.

"नाही कसं? होती की. अकरा दिवस होती," ती म्हणाली. "तुम्ही 'नाही' कसं सांगितलंत?"

मला त्या मुलीचं कुणी कधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत त्या दोघांनीही एकमेकांपाशी तिचं नाव काढलं नव्हतं. आतोबा काहीतरी बोलायला गेले आणि लहान मुलासारखे रडू लागले. आत्याने सूप बाजूला ठेवलं, त्यांची पाठ चोळली आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी येते. तुम्ही त्या बाईला सगळंच चुकीचं सांगत असाल."

आणि ती गेली. बाईंनी आतोबांना विचारलं, झोप लागते का? "छान लागते," आतोबा म्हणाले. "खोटं," आत्या म्हणाली, "रात्रभर जागे असतात. मी पण जागीच असते ना." मग ती जी बोलायला लागली ती महिनोन्‌महिने बोलत राहिली. केसपेपर शेवटपर्यंत आतोबांच्याच नावाने राहिला. तो बदलावा असं बाईंनाही वाटलं नसावं. पुढच्या श्रावणात आत्या पोळ्या लाटताना पुन्हा गुणगुणू लागली, आणि आतोबा बेलाशक ढगांच्या मागे जायला मोकळे झाले.

आत्या गेली तेव्हा आतोबा निवृत्त झाले होते. महिन्याभराने मला म्हणाले, "विठ्ठलवाडीला येतोस?" दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने कार्ड आता चालणार नाही म्हणून सांगितलं. आतोबांनी पिशवीतून तो जुना केसपेपर काढला, घडीवर फाटलेला. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी नाव वाचलं आणि काही न विचारता दोन खुर्च्या पुढे ओढल्या. मी दाराशीच उभा राहिलो.

"झोप लागते का?" बाईंनी विचारलं.

"छान लागते," आतोबा म्हणाले आणि सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळले. थोडा वेळ तिच्याकडे पाहत वाट बघत राहिले.

"खोटं," मग ते स्वतःच हळूच म्हणाले, "रात्रभर जागे असतात."