सहाचा नैवेद्य

उत्तरेत स्थायिक झालेल्या आमच्या मराठी घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी अन्नाला शिवत नसे. चहा तेवढा पाण्यासारखाच मानला जाई, म्हणून चाले. हा नियम वडिलांकडून माझ्याकडे आला आणि मी तो कधी तपासून पाहिला नाही. अहिल्याबाई घाटावर स्नान, मग संध्या, मग षोडशोपचार पूजा. नैवेद्याला नऊ वाजत. मी पाठशाळेत शिकवत होतो तेव्हा वर्ग दहाला भरे, त्यामुळे माझी अडचण कधी झाली नाही.

नात मात्र पावणेसातला घर सोडते. रामनगरच्या एका शाळेत ती शिकवते. परतायला दोन वाजतात. एके दिवशी शाळेतून फोन आला, की फळ्यापुढे उभी असताना तिला भोवळ आली. घरी आल्यावर तिने एकेक सांगितले. छातीत धडधडते, जिना चढताना धाप लागते, केस मूठमूठ गळतात. चार महिने झाले. हा हृदयाचा विकार आहे, असे तिने मोबाइलवर वाचून ठरवले होते. नोकरी सोडण्याचा अर्जही लिहून ठेवला होता.

"आधी का बोलली नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, आजोबा, रात्री मोबाइल बघत बसतेस म्हणून होतं."

मी तेच म्हणणार होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई वयाने तिच्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी प्रथम मला बाहेर बसवले. मुलीला काही गोष्टी एकटीनेच सांगायच्या असतात, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. रक्ताचा अहवाल येईपर्यंत दोन तास गेले. ते मला सोपे गेले नाहीत.

मग आत बोलावले. हृदय उत्तम होते. रक्त कमी होते. पाळीत जास्त जात होते आणि खाण्यातून भरून निघत नव्हते.

"सुबह क्या खाती हो?" बाईंनी नातीला विचारले.

"चाय."

"और?"

तिने माझ्याकडे पाहिले. "घर में भोग नौ बजे लगता है. तब तक मैं स्कूल में होती हूँ."

बाई हसल्या नाहीत. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणाच्या आगेमागे चहा बंद केला, आणि माझ्याकडे वळल्या.

"बाबूजी, भोग छह बजे नहीं लग सकता?"

नैवेद्य सहाला नको म्हणायला मी शास्त्रात आधार शोधला. सापडला नाही.

आता मी साडेचारला स्नान करतो. सहाला दूध, पोळी आणि गुळाचा लहान नैवेद्य होतो. सविस्तर पूजा मागाहून, माझ्या सवडीने. नात खाऊन निघते. तिसऱ्या महिन्यात अहवाल सुधारला. अर्ज तिने स्वतःच फाडला.

सहाच्या नैवेद्याच्या पहिल्याच दिवशी पाटावर बसताना पत्नी म्हणाली, "पन्नास वर्षं मी उपाशीपोटी तुमचा स्वयंपाक केला. तेव्हा नाही बरं तुमच्या देवांना लवकर भूक लागली!"

नात हसू दाबत दूध पीत होती. मी पत्नीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि त्या पोळीवर तूपही घातले.