परीक्षकाची खुर्ची

“बस अथी. आता तू मॅडम. इचार मले.”

तोंडी परीक्षा जवळ आली की अकोल्याच्या आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडम घाबरलेल्या पोरांना स्वतःच्या खुर्चीत बसवायच्या आणि आपण टेबलासमोर हात बांधून उभ्या राहायच्या. पोरानं प्रश्न विचारला की मुद्दाम अडायच्या. “नाई येत बा मले.” मग हसून म्हणायच्या, “पाय, काई झालं का मले?”

मी त्यांच्याच विभागात. मला हा सगळा पोरकटपणा वाटायचा. तेच प्रश्न, त्याच चुका. वीस वर्षांत मी इतका कंटाळलो होतो की पोरांची भीती मला दिसेनाशीच झाली होती. कॉलेजनं ताणतणावाचा एक फॉर्म काढला, तो भरून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘परीक्षेची भीती वाटते का?’ झाडून सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं.

“सर, तुमी पोरायच्या डोक्यावर उभे राहाल तं ‘हो’ कोण लिहीन?” मॅडम म्हणाल्या.

मूर्तिजापूरहून येणारी एक मुलगी दोनदा तोंडीच्या दारातून परत गेली होती. यंदाही परतली तर शिक्षण बंद, असं तिच्या घरी ठरलेलं. मॅडमनी तिला महिनाभर खुर्चीत बसवलं. “परीक्षेच्या दिशी मी आहो ना समोर.”

नव्हत्या. परीक्षेच्या आठ दिवस आधी त्या झोपेतच गेल्या.

मुलगी दाराशी आली, मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि वळली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, “गैरहजर लिहू?” मी इतका थकलेला होतो की ‘लिहा’ म्हणणंच सोपं होतं. पण कसा कोण जाणे, उठलो.

“ये बाई. बस अथी. इचार मले.”

ती मॅडमच्या खुर्चीत बसली. टेबलावरच्या ब्युरेटच्या काचेच्या नळीवर तिनं बोट ठेवलं.

“सर, ब्युरेटमधले शेवटचे थेंब हळू काहून सोडतात?”

वीस वर्षं शिकवलेलं. पण खरंच आठवेना. डोळ्यांपुढं मॅडमचे बांधलेले हात आले आणि मला रडू फुटलं. “नाई येत बा मले,” मी म्हणालो.

“रंग एका थेंबात पालटते, सर,” ती हळूच म्हणाली. “घाई केली तं हातचं जाते.”

परीक्षकांनी पुढचा प्रश्न तिलाच विचारला. तिनं खुर्चीत बसूनच उत्तर दिलं. मॅडम उभ्या राहायच्या त्या जागी मी हात बांधून उभा राहिलो.